प्रकाश दिसतो का बघ

रेघ काही उभी राहत नव्हती.

बदलापूर पूर्वेला, रुळांच्या बाजूच्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, रात्री नऊ वाजता साडेतीन वर्षांची चिमी वहीवर वाकून बसली होती. नर्सरी सुरू होऊन तीनच आठवडे झाले होते. अभ्यास रोज घरी यायचा. दोन पानं स्टँडिंग लाईन, दोन पानं स्लीपिंग लाईन. चिमीची उभी रेघ निम्म्यावर पोचली की कलंडायची, पेन्सिल मुठीतून निसटायची, आणि आई पुन्हा तिचा हात धरून ती बोटांत बसवायची. आईचे डोळे मिटत होते. सकाळी सहा बावन्नची लोकल, घाटकोपरचं ऑफिस, परतताना अंबरनाथ येईपर्यंत दाराशी लटकत उभं राहणं, आणि साडेआठला घर. नवरा पुण्याला नोकरीला, शनिवार-रविवारपुरता घरी. लेकीबरोबर तिला मिळणारा सगळा वेळ आता या चार पानांत जात होता.

"सरळ काढ ना गं," ती म्हणाली, आणि तिचाच आवाज रडवेला झाला.

चिमीनं वहीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि पेन्सिल कॉटखाली भिरकावली.

चिमीच्या आजोबांनी, आबांनी, गुडघे टेकून ती बाहेर काढली. मग चिमीपुढं आपला अंगठा धरून म्हणाले, "दाब बघू. जोरात दाब." चिमीनं दोन्ही हातांनी दाबला. आबांना तो दाब पिसासारखा लागला.

"सूनबाई, हिच्या हाताला अजून कानस लागलेली नाही."

"म्हणजे काय, आबा?"

आबा अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत फिटर होते. १९७६ साली अठराव्या वर्षी ते ट्रेनिंगला लागले, तेव्हा पहिल्या दिवशी त्यांना वाटलं होतं, आज लेथवर उभं करतील. उस्तादांनी हातात कानस दिली आणि व्हाइसमध्ये लोखंडाचा एक ओबडधोबड तुकडा आवळला. हा चौकोनी कर. बस. आठवड्यामागून आठवडे तेच काम. तळहाताला फोड आले, फुटले, तिथं घट्टे पडले. मशिनीला हात लावायच्या आधी हात तयार व्हावा लागतो, हे त्या तुकड्यानं शिकवलं. आणि चुकलं की बरोबर आलं, हे उस्ताद कधी सांगत नसत. कडेला गुण्या लावायचा आणि तुकडा खिडकीकडे धरायचा. "प्रकाश दिसतो का बघ," एवढंच ते म्हणत. फटीतून उजेड आला तर कड अजून जमलेली नाही. नाही आला तर जमली. उस्तादांचा आवाज कधी चढला नाही. तशी गरजच पडायची नाही, कारण जे सांगायचं ते ती फट सांगायची.

"गणपतीपर्यंत ही पेन्सिल माझ्याकडे राहू दे," आबा म्हणाले.

सूनबाई गप्प बसली. मग म्हणाली, "शेजारची मुलगी हिच्याच वयाची आहे. ए टू झेड लिहिते. मी दिवसभर घरात नसते म्हणून ही मागं पडली, असं म्हणतील सगळे."

त्या घरातलं खरं दुखणं हे होतं. रेघ वाकडी येते याचं दुःख नव्हतंच मुळी. ती वाकडी रेघ आईच्या नावावर जमा होत होती. कामाला जाणाऱ्या किती आयांच्या मनात हे ओझं असतं, ते सकाळच्या लेडीज डब्यात कुणाशीही दोन वाक्यं बोललं की कळतं.

"शाळेत मी जाऊन बोलतो," आबा म्हणाले. हत्यारांच्या पेटीला आजवर कुलूप नव्हतं. त्या रात्री त्यांनी जुन्या कपाटाचं एक कुलूप शोधून लावलं. आत कानशी, पाने, गुण्या, खडूचा डबा, आणि सगळ्यांच्या वर ती पिवळी पेन्सिल.

शाळेतल्या मॅडम वयानं लहान होत्या. त्यांनी ऐकून घेतलं. आपली अडचणही लपवली नाही. वही कोरी दिसली की पालक फोन करतात, महिनाभर काय शिकवलंत, म्हणून विचारतात. त्यामुळे रेघांची पानं द्यावीच लागतात. मग त्या हळूच म्हणाल्या, "गणपतीपर्यंत बघू या, काका."

आबांना ठाऊक नव्हती अशी एक गोष्ट इथं सांगायला हवी. माणसाच्या मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्मताना ती सगळी मऊ कूर्चा असतात आणि मग वर्षामागून वर्ष एकेक पक्कं होत जातं. साडेतीन वर्षांच्या मुलाच्या मनगटाचा एक्स-रे काढला तर त्यात जेमतेम तीन-चार हाडं दिसतात. त्या मनगटाकडून आपण बारीक पेन्सिल आणि सरळ रेघ मागत असतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंही तीन ते आठ ही पाच वर्षं एकच पायाभूत टप्पा मानली आणि तिथं खेळातून, कृतीतून शिकवा असं सांगितलं. ते रात्री नऊच्या त्या घरापर्यंत अजून पोचलं नव्हतं. आबांनी धोरण वाचलेलं नव्हतं आणि एक्स-रेही पाहिला नव्हता. त्यांनी फक्त अंगठा पुढं केला होता.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ते चिमीला घेऊन स्टेशनजवळच्या भाजीबाजारात गेले. पावसाच्या सुरुवातीला आसपासच्या पाड्यांवरच्या बायका तिथं रानभाज्या घेऊन बसतात. टाकळा, शेवळं, कुड्याच्या शेंगा. त्या तराजू ठेवत नाहीत, वाटे लावतात. एक वाटा, दुसरा वाटा, तिसरा वाटा. हातानंच यातलं जरा उचलून त्यात टाकतात आणि सगळे सारखे करतात. चिमी तिथंच उकिडवी बसली. एका वाट्यात शेवळं कमी दिसली तशी तिनं बोट दाखवलं. भाजीवाली हसली आणि म्हणाली, "घाल गं तूच." चिमीनं शेजारच्या वाट्यातलं एक उचलून तिकडं ठेवलं. आता तो वाटा कमी झाला. तिनं ते परत उचललं. बराच वेळ एकच शेवळ इकडून तिकडं फिरत राहिलं. शेवटी बाईनं टोपलीतून आणखी एक काढून दिलं आणि प्रश्न सुटला.

घरी आल्यावर चिमीनं लसणाचे वाटे लावले, चमच्यांचे लावले, आणि चपलांचेही लावले.

मग एकेक काम सुरू झालं. यातलं कुठलंच काम चिमीसाठी म्हणून मुद्दाम काढलेलं नव्हतं. घरात ती रोज होतच होती. आबांनी तिला त्यात जागा करून दिली, इतकंच. कणीक मळताना तिला तिचा गोळा. कपडे वाळत घालताना चिमटे लावायचं काम तिचं. चिमटा उघडायला अंगठा आणि पहिलं बोट लागतं, म्हणजे पेन्सिलीला लागतात तीच बोटं. पहिल्या दिवशी तिच्याकडून एकही चिमटा उघडला नाही. आठवड्यानं पायमोजे दोरीवर टिकायला लागले. पावसाळ्यातली मक्याची कणसं आली तेव्हा दाणे सोलायचे. तांब्यातून पेल्यात पाणी ओतायचं. सांडलं तर फडकं तिच्या उंचीच्या खिळ्याला टांगलेलं असे. कुणी "सांडलंस ना!" म्हणायचं नाही, असा आबांनी स्वतःशी नियम केला होता. ओल्या फरशीला सगळं सांगता येतं.

सगळ्यांत गोडी लागली ती वालाची. आपल्या ठाणे-रायगडाच्या घरांत वालाचं बिरडं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. वाल रात्री भिजत घालायचे, सकाळी उपसून फडक्यात बांधायचे, दुसऱ्या दिवशी मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचे. या सगळ्यात मुलाला शिकण्यासारखं इतकं आहे, की नर्सरीच्या एका सहामाहीत मावणार नाही. काल टणक होता तो आज फुगला. उद्या त्याला शेपूट फुटणार. पुरचुंडी उघडायच्या आधी चिमी नाक लावून वास घ्यायची. आणि सोलताना वाल दोन बोटांत अलगद दाबला की साल हातात राहते आणि डाळिंबी टुणकन उडते. जास्त दाबला तर चिरडतो. कमी दाबला तर नुसता फिरत राहतो. किती दाबायचा, हे शब्दांत कुणालाही सांगता येत नाही. ते बोटांनाच कळावं लागतं.

इथंच आबांकडून चूक झाली.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्यांना चिमीच्या बोटांतला फरक दिसू लागला, आणि त्यांच्या आतला फॅक्टरीतला जुना फिटर जागा झाला. त्यांनी घड्याळ समोर ठेवलं. "आज चाळीस वाल. बघू किती वेळ लागतो." चिमीनं चाळीस सोलले. दुसऱ्या दिवशी पन्नास झाले. आबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडे मांडायला सुरुवात केली. त्यांना हुरूप चढला होता. रात्री सूनबाईला आकडे दाखवताना त्यांचा चेहरा उजळायचा, आणि तीही खूश व्हायची, कारण आता वहीसारखंच काहीतरी मोजता येत होतं. चौथ्या दिवशी चिमीनं वालाचं पातेलं पाहिलं, शांतपणे उचललं आणि उलटं केलं. पाणी, सालं, डाळिंब्या, सगळं फरशीवर. फडकं घ्यायलाही ती गेली नाही. जाऊन कॉटखाली बसली, जिथं पूर्वी पेन्सिल गेली होती.

आबा ओल्या फरशीकडे बघत उभे राहिले. त्या फटीतून आता भरपूर प्रकाश दिसत होता.

दोन वर्षांपूर्वी गेलेल्या बायकोची आठवण त्यांना त्या दुपारी फार आली. ती अंबरनाथला एका वस्तीतल्या बालवाडीत वीस वर्षं शिकवत होती. तिची पत्र्याची पेटी माळ्यावर तशीच पडून होती. आबांनी ती खाली काढली. आत चिंचोके, शिंपल्या, बाटल्यांची बुचं, रिकाम्या काडेपेट्या, उल्हासनगरच्या शिवणकामाच्या दुकानांतून मागून आणलेल्या रंगीत चिंध्या. आणि खाली एक दोनशे पानी वही.

आबांना वाटलं, मुलांच्या नोंदी असतील. तशा त्या नव्हत्या. रोजची तारीख आणि एक-दोन ओळी, त्याही स्वतःबद्दल. आज मी फार बोलले, मुलं गप्प झाली. आज एका मुलाला बटण लावताना मी मदत केली, करायला नको होती. आज मी काहीच बोलले नाही, छान दिवस गेला. अशी पानांवर पानं.

वहीच्या मधल्या पानांत कोसबाडचा उल्लेख होता. लग्नानंतर काही वर्षांनी ती डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर आठ दिवस राहून आली होती, तेव्हा अनुताई वाघ तिथं होत्या. परत आल्यावर तिनं त्या टेकडीबद्दल आबांना खूप सांगितलं होतं, पण तेव्हा आबांचं लक्ष ओव्हरटाइमवर होतं. आता वहीतून ते पुन्हा समोर आलं. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. मोठ्या शहरातलं चांगलं चाललेलं काम सोडून, पन्नाशी उलटल्यावर त्या खेड्यात आल्या. अनुताई त्यांच्याबरोबर होत्या. बालवाडी काढली, तरी गरीब घरांतली मुलं यायची नाहीत. कुणाला धाकटं भावंड सांभाळायचं असायचं, कुणाला अंघोळ घालून वेळेवर पाठवायला घरात कुणी नसायचं. मग ताराबाईंनी उलट विचार केला. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळा त्याच्या अंगणात जाईल. तिथून अंगणवाडी आली. १९५७ मध्ये कोसबाडला गेल्यावर वारली मुलं गुरं घेऊन रानात जातात हे पाहिलं, तेव्हा शाळाही त्यांच्यामागं कुरणात गेली. तिला कुरणशाळा म्हणत. महागड्या माँटेसरी साधनांच्या जागी बिया, शिंपल्या, पानं, खडे आले. १९७५ मध्ये सरकारनं देशभर बालविकास योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळालं. ताराबाई त्याच्या दोन वर्षं आधीच गेल्या होत्या.

बायकोनं या सगळ्याखाली एकच ओळ लिहिली होती: मुलाला जिथं काम सापडतं, तिथं आपण जाऊन बसायचं.

आबांना हेही कळलं, की वाल सोलणं तेच होतं. मधे त्यांचं घड्याळ आल्यावर ते मुलीचं राहिलं नाही. या पट्ट्यात जीन्सचे धागे कापायचं काम घरी आणणारी कितीतरी घरं आहेत. तिथं नगावर पैसे मिळतात आणि रात्री उशिरापर्यंत कात्र्या चालतात. पोटासाठी मोठी माणसं करतात त्या कामात संख्या असतेच, तिला इलाज नाही. पण चार वर्षांच्या आतल्या मुलाच्या कामात संख्या आणली, की त्याच्या हातून ते काम आपण काढून घेतो. मूल मधेच सोडून उठू शकतं, तोवरच ते त्याचं शिकणं असतं. मला याबद्दल जराही शंका नाही.

आबांनी कॅलेंडरवरचे आकडे खोडले. कॉटशेजारी जमिनीवर बसून एकटेच वाल सोलू लागले. खूप वेळानं कॉटखालून एक हात आला आणि त्यानं पातेल्यातला एक वाल उचलला. आबांनी तिकडं पाहिलं नाही.

त्यानंतरचे दिवस जास्त शांत गेले. बायकोच्या वहीत शेवटच्या नोंदीनंतर काही पानं कोरी होती. तिथं आबा रात्री एक ओळ लिहायला लागले. पहिल्या ओळीत त्यांनी लिहिलं: आज बत्तीस वेळा बोललो.

सूनबाईही हळूहळू बदलली, आणि ते काही उपदेशानं झालं नाही. एका रात्री ती भाकरी थापत होती. चिमी शेजारी आपली पुरीएवढी भाकरी थापत होती. आबांनी गुण्या खेळायला दिल्यापासून दार, डबा, पुस्तक, सगळ्यांना तो लावून बघायचा तिला छंद जडला होता. तिनं आपली भाकरी उचलून दिव्यासमोर धरली आणि ओरडली, "आई, प्रकाश दिसतो!" मधे भोक पडलं होतं. तिनं ती मोडली, पुन्हा गोळा केला, पुन्हा थापली. आई पीठ लागलेले हात तसेच ठेवून बघत राहिली. आपण 'पुन्हा काढ' म्हटल्यावर पेन्सिल फेकणारी मुलगी स्वतःच्या मनानं तीनदा मोडून थापते आहे, हे तिनं पहिल्यांदा पाहिलं. त्या रात्रीपासून साडेआठ ते साडेनऊ हा वेळ वेगळा झाला. डबा दोघी मिळून घासायच्या. झोपताना आई रोजची स्टेशनं म्हणायची, आणि चिमी तिच्यामागून: डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण, विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. बदलापूर आलं की दोघी मोठ्यानं "उतरा!" म्हणायच्या.

एका रविवारी आबा चिमीला घेऊन अंबरनाथच्या शिवमंदिरात गेले. शके ९८२ चं, म्हणजे १०६० सालचं हे शिलाहारांचं मंदिर वालधुनीच्या काठावर आहे. त्याचा गाभारा सभामंडपापेक्षा खोल आहे, वीसेक पायऱ्या उतरून जावं लागतं. चिमीला बाराच्या पुढं नीट येत नव्हतं. तिनं बारापर्यंत मोजलं आणि पुढच्या पायरीपासून पुन्हा एक म्हणायला लागली. आबांनी दुरुस्त केलं नाही. त्या दिवशी वहीत लिहिलं: गाभाऱ्यापर्यंत गप्प राहिलो.

तिथून ते उल्हासनगरला गेले, लहानसं पोळपाट-लाटणं घ्यायला. भांड्यांच्या दुकानात गल्ल्यावर ऐंशीच्या पुढचे एक सिंधी गृहस्थ बसले होते. चिमीनं दुकानातल्या वाट्या आपोआप लहान-मोठ्या लावायला सुरुवात केली तशी त्यांचा मुलगा पुढं झाला, पण म्हाताऱ्यांनी त्याला हातानं थांबवलं. फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्या माणसांना महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बरॅकींत जागा मिळाली होती. १९४९ मध्ये या कल्याण कँपचं उल्हासनगर झालं. हे गृहस्थ तेव्हा चार-पाच वर्षांचे होते. ते मोडक्या मराठीत म्हणाले, आमच्या बरॅकीत शाळा नंतर आली, आधी पापड आले. आई लाटायची, मी वाळलेले गोळा करून थप्पी लावायचो. थप्पी वाकडी झाली की पडायची आणि पापड तुटायचा, मग आई तो तुटका मलाच खायला द्यायची. "त्यामुळे सुरुवातीला मी थप्पी वाकडीच लावायचो," ते म्हणाले आणि स्वतःच खूप हसले. पोळपाटाचे पैसे त्यांनी घेतले. लाटण्याचे घेतले नाहीत.

जुलै संपता संपता पावसानं जोर धरला. उल्हास नदी वाढली की बदलापुरात सगळ्यांना २६ जुलै २००५ चा पूर आठवतो. २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे पाण्यात अडकली होती, तेही लोक विसरलेले नाहीत. असाच एक दिवस आला. दुपारपासूनच आभाळ फाटलं होतं. संध्याकाळी सातला सूनबाईचा फोन आला. "आबा, गाडी विठ्ठलवाडीच्या पुढं थांबलीय. रुळांवर पाणी आहे. चिमीला जेवायला घाला." मग मोबाईलची बॅटरी संपली असावी. फोन परत लागला नाही. साडेसातला लाईटही गेले.

आबांनी मेणबत्ती लावली. चिमीनं ताटं घेतली. तीन. आबांच्या मनात आलं, आज दोनच घे म्हणावं. ते बोलले नाहीत. तिनं तिसऱ्या ताटाजवळ पेला ठेवला, तांब्यातून पाणी ओतलं, एक थेंबही सांडला नाही.

जेवून दोघं गॅलरीच्या दाराशी बसले. बाहेर रूळ दिसत नव्हते, पण गाडी आली की डब्यांच्या उजेडाची ओळ सरकत जायची.

"आई आता कुठं आहे?"

"विठ्ठलवाडीच्या पुढं."

"मग उल्हासनगर. मग अंबरनाथ. मग उतरा," चिमी म्हणाली. थोडा वेळ विचार करून तिनं विचारलं, "आबा, खडू?"

लोखंडावर आखणी करायच्या आधी फिटर त्याला खडू फासतो, म्हणजे रेघ उठून दिसते. तो डबा पेटीत होता. आबांनी कुलूप काढलं. वरच पेन्सिल पडली होती. चिमीनं तिच्याकडे पाहिलं, बाजूला सारली आणि खडू घेतला.

एक गाडी रखडत अंबरनाथकडून आली. दोघं कान देऊन बसले. जिन्यात पावलं वाजली नाहीत. चिमीनं हॉलच्या फरशीवर एक उभी रेघ काढली. मग बऱ्याच वेळानं कर्जतकडून एक गाडी आली, तेव्हा एक आडवी काढली. "ती आईला आणत नाही," तिनं सांगितलं, "म्हणून ती झोपली."

मेणबत्ती अर्धी झाली. आबांना सांगावंसं वाटलं, अगं, तुझी आई बसनं येईल, रिक्षानं येईल, उद्या सकाळी येईल. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. अर्ध्या-पाऊण तासानं एखादी गाडी येत होती. दर वेळी चिमी उठायची, दाराशी जाऊन कान लावायची, परत येऊन गुडघ्यांवर बसायची आणि फरशीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत खडू ओढायची. झोपेनं तिची मान डुलत होती. खडू मात्र तिनं तीन बोटांत धरला होता, आणि तो तसा धर असं तिला कुणीही सांगितलेलं नव्हतं.

सव्वाअकराला जिन्यात पावलं वाजली. आई दारात उभी राहिली, गुडघ्यापर्यंत चिखल, ओढणी पिळवटून कमरेला बांधलेली. अंबरनाथपासून कुणाच्या तरी टेम्पोत बसून आली होती. तिनं आत पाऊल टाकलं.

"पाय देऊ नकोस!" चिमी ओरडली.

आईनं पाय तसाच अधांतरी धरला. मेणबत्तीच्या उजेडात फरशीवर पांढऱ्या रेघा दिसत होत्या, काही उभ्या, काही आडव्या.

"काय आहे गं हे?"

चिमी पहिल्या उभ्या रेघेवर बोट ठेवून म्हणाली, "ही आली. तू नव्हतीस." दुसरीवर बोट ठेवलं. "ही आली. तू नव्हतीस." तिसरी. चौथी. पाचवी. मग ती वाकली, श्वास रोखला, आणि आईच्या चिखलाच्या पायाजवळच्या कोऱ्या फरशीवर वरून खालपर्यंत आणखी एक रेघ ओढली.

"ही तू."

रेघ खालच्या टोकाला जराशी वळली होती. आई उंबऱ्यातच खाली बसली. आबांनी मेणबत्ती उचलून जवळ आणली, आणि ते तिघं बराच वेळ ती रेघ बघत बसले.